जुन्या मोठ्या अमेरिकन सेडानची किंमत खालून वर मोजा

फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस, लिंकन टाउन कार, शेवरोले कॅप्रिस, ब्यूइक रोडमास्टर, कॅडिलॅक फ्लीटवूड. यांतली एखादी गाडी विकायला आहे असं कळलं की लोक पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात आणि दुसरा मैलांचा. मी या दोन्ही गोष्टी मागे ठेवते. गाडी लिफ्टवर चढवायला सांगते आणि मागच्या चाकांच्या आसपासची चासी बघते. तिथलं लोखंड शाबूत असेल तर पुढची बोलणी करायची. नसेल तर विकणाऱ्याचे आभार मानायचे आणि निघायचं.

मी मिशिगनमध्ये राहते. निवृत्त होईपर्यंत सस्पेन्शनचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी प्रयोगशाळेत होते. मिठाच्या फवाऱ्यात ठेवलेले कंट्रोल आर्म (चाकांचा भाग चासीला जोडणारे दांडे), ब्रॅकेट आणि वेल्डिंगचे सांधे कापायचे आणि आतून किती गंजलेत ते मोजायचं, हे माझं काम. वरचा रंग धड आणि आतलं लोखंड कागदासारखं पातळ, असे तुकडे मी वर्षानुवर्षं हाताळले. आज माझ्याकडे २००७ ची ग्रँड मार्क्विस आहे. या गाड्यांवर माझा जीव आहे आणि म्हणूनच त्या चुकीच्या भावात किंवा चुकीच्या अपेक्षेने घेतलेल्या मला बघवत नाहीत.

आधी वंश ओळखा

बोलताना लोक सगळ्याच लांब गाड्यांना एका माळेत ओवतात. किंमत ठरवताना मात्र दोन घराणी वेगळी काढावी लागतात. पहिलं फोर्डचं, ज्याला पँथर म्हणतात. ते १९७९ च्या मॉडेलपासून २०११ पर्यंत चाललं. क्राउन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्क्विस आणि टाउन कार या तिन्ही त्यातल्याच. दुसरं जनरल मोटर्सचं, १९७७ मध्ये आकार कमी करून आलेलं. कॅप्रिस, रोडमास्टर आणि शेवटच्या काळातली मागच्या चाकांवर चालणारी फ्लीटवूड त्यातल्या. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात १९९६ च्या डिसेंबरात ते बंद झालं आणि तो कारखाना ट्रक नि मोठ्या एसयूव्हींकडे वळला.

दोन्ही घराण्यांची बांधणी सारखी. खाली वेगळी चासी, तिच्यावर रबरी गाद्यांवर बसवलेली बॉडी, पुढे आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना. पुष्कळशा गाड्यांत पुढे सलग बाक आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे सहा माणसं बसतात. क्राउन व्हिक्टोरियाच्या डिकीत २०.६ घनफूट सामान मावतं. खड्ड्याचा धक्का आधी चासी घेते, मग रबर आणि मग तुम्ही. आजच्या बहुतेक गाड्यांत बॉडी आणि चासी एकच असते. ती हलकी पडते, वळणावर चपळ असते, पण लांब सरळ रस्त्यावर जुन्या मोठ्या सेडानमध्ये जे निवांतपण मिळतं ते त्यांच्यात मला मिळालेलं नाही.

या गाड्या का संपल्या हे कळलं तर पुढचा अंदाज नीट बांधता येतो. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांवर सरासरी इंधनवापराची मर्यादा आली. कारसाठी ती कडक आणि ‘हलका ट्रक’ या वर्गासाठी सैल होती. एसयूव्ही त्या सैल वर्गात बसल्या, नफाही जास्त देऊ लागल्या आणि कुटुंबं तिकडे गेली. मग १ सप्टेंबर २०११ पासून बनणाऱ्या सगळ्या हलक्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. पँथर गाड्यांत ते नव्हतं आणि इतक्या जुन्या रचनेत बसवण्याचा खर्च फोर्डला करायचा नव्हता. कॅनडातल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून त्याच महिन्यात शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली. मर्क्युरी हे नावच त्या वर्षीच्या जानेवारीत संपलं होतं. पुढे २०१८ च्या एप्रिलमध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या सेडान बंद करत असल्याचं जाहीर केलं. शेवरोले इम्पाला २०२० मध्ये गेली, लिंकन कॉन्टिनेन्टलही त्याच वर्षी. क्रायसलर ३०० डिसेंबर २०२३ पर्यंत टिकली.

२०२५ मध्ये अमेरिकी कायद्याने इंधनवापराच्या मर्यादेचा दंड शून्यावर आणला. तेव्हा काही जणांना वाटलं की आता मोठ्या सेडान परत येतील. मला तसं वाटत नाही. दंड गेला तरी गिऱ्हाईक परत आलेलं नाही. ज्या कारखान्यांत या चासी बनत होत्या, तिथली ती यंत्रसामग्रीही उरलेली नाही. म्हणजे ज्या गाड्या आज रस्त्यावर आणि शेडमध्ये आहेत तेवढ्याच. त्यांची संख्या दर हिवाळ्यात कमी होते.

लिफ्टवर काय बघायचं

माझा भाचा ओहायोत असतो. त्याने टाउन कार बघायला जाताना मला फोन केला.

“मावशी, इंजिन एकदम शांत आहे. चालू आहे का बंद तेच कळत नाही.”

“इंजिन राहू दे. मागच्या चाकाच्या पुढे हात घातलास का?”

“तिथे काळा रंग दिसतोय. नवीन लावलाय बहुतेक.”

“मग नाही घ्यायची. किंवा रंग खरवडू देत असतील तर थांब.”

खालून नुकताच फासलेला जाड काळा थर हे मिशिगन, ओहायो, पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कच्या उत्तर भागात धोक्याचं लक्षण धरा. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि चिखल चासीच्या पोकळ पेट्यांत शिरतो आणि कुंडीतल्या मातीसारखा ओलावा धरून बसतो. गंज आतून सुरू होतो, बाहेर येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. एक छोटी हातोडी न्या आणि हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं. मालकाची परवानगी घेऊनच ठोका. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे.

पँथरमध्ये माझा क्रम असा असतो. मागच्या खालच्या कंट्रोल आर्मचे पुढचे सांधे जिथे चासीला जोडलेत ती जागा सगळ्यात आधी. मग मागच्या ॲक्सलच्या वर चासी जिथे कमानीसारखी उचललेली आहे तो भाग. मग चासीच्या कडेने गेलेल्या ब्रेकच्या पोलादी नळ्या. त्यांच्यावर नुसता तांबूस थर असेल तर चालेल, पण पापुद्रे सुटत असतील तर सगळ्या नळ्या बदलण्याचा खर्च भावातून वजा करा. शेवटी बॉडी चासीवर जिथे बसते त्या रबरी गाद्यांच्या जागा आणि दाराखालच्या पट्ट्या. दाराखाली लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे भराव घातलाय.

फ्लोरिडा, ॲरिझोना किंवा टेक्सासमधून आलेली गाडी लोखंडाच्या बाबतीत बहुधा उजवी असते. पण तिथलं ऊन छताचं कापड सैल करतं, डॅशबोर्डला भेगा पाडतं आणि दारांचं रबर वाळवतं. हे सगळं पैशाने आणि धीराने दुरुस्त होतं, चासी होत नाही. आतून निर्मळ पण खालून गंजलेल्या गाडीपेक्षा मी फाटक्या सीटांची कोरडी गाडी केव्हाही घेईन. फक्त किनारी भागातल्या गाडीचा मालकीचा कागद नीट वाचा. वादळाच्या पुरात बुडून निघालेल्या गाड्या दुसऱ्या राज्यात नेऊन विकल्या जातात. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून बघा. सीटचे बोल्ट गंजलेले असतील किंवा वायरिंगच्या जोडांत बारीक गाळ असेल तर कागद काहीही म्हणो, परत या.

इंजिनाबद्दल थोडक्यात

फोर्डचं ४.६ लिटरचं व्ही-८ १९९१ च्या टाउन कारमध्ये पहिल्यांदा आलं. टॅक्सीत आणि पोलीस गाड्यांत त्याने जे काम केलं ते पाहता त्याच्या टिकाऊपणावर शंका घ्यायला जागा नाही. एक दुखणं मात्र नक्की तपासा. १९९६ ते २००१ च्या बऱ्याच गाड्यांत इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) पूर्ण प्लॅस्टिकचं होतं. त्यातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जाणारा पुढचा आडवा भाग तडकायचा आणि कूलंट स्पार्क प्लगच्या खळग्यांत किंवा खाली सांडायचं. नंतर तो भाग ॲल्युमिनियमचा आला. बॉनेट उघडून पुढे बघा, धातू दिसला तर काम झालेलं आहे.

१९९० च्या दशकातल्या फोर्डमध्ये क्रूझ कंट्रोलच्या एका स्विचमुळे, गाडी बंद असतानाही, आग लागण्याचा धोका होता. त्यासाठी फार मोठं रिकॉल झालं, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ते काम आपल्या गाडीवर झालंय का हे एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हिन, म्हणजे ओळख क्रमांक, टाकून फुकट कळतं. पैसे देण्याआधी ते बघाच.

जनरल मोटर्सच्या बाजूला १९९४ ते १९९६ ची गाडी घ्यायची, कारण त्या तीन वर्षांत ५.७ लिटरचं, २६० अश्वशक्तीचं एलटी१ इंजिन मिळायचं. पण सगळ्या कॅप्रिसमध्ये ते नसायचं. काहींत ४.३ लिटरचं छोटं व्ही-८ असे आणि बाहेरून गाडी हुबेहूब तीच. व्हिनचं आठवं अक्षर ‘पी’ असेल तर मोठं इंजिन, ‘डब्ल्यू’ असेल तर छोटं. एलटी१ चं दुखणं म्हणजे ऑप्टिस्पार्क नावाचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग). तो इंजिनाच्या तोंडाशी, नेमका वॉटर पंपाच्या खाली बसवलाय. पंप गळला की पाणी त्याच्यावर. म्हणून पंप कधी बदलला हे विचारा आणि पंपाखाली कूलंटचे वाळलेले ओघळ आहेत का ते टॉर्चने बघा.

पोलीस गाडी घ्यावी का? क्राउन व्हिक्टोरियाच्या व्हिनमध्ये पाचवं ते सातवं अक्षर ‘पी७१’, आणि २०१० पासून ‘पी७बी’, असलं की ती पोलिसांसाठी बनलेली. त्यात कूलिंग चांगलं आणि सस्पेन्शन कडक असतं. पण ती तासन्‌तास उभ्या जागी चालू राहिलेली असते आणि ते मैलांत दिसत नाही. नंतरच्या गाड्यांत इंजिन किती तास चाललं ते मीटरवर काढता येतं. उभ्या चालण्याचा एक तास म्हणजे सुमारे ३३ मैल असा हिशेब धरतात. ९०,००० मैल आणि ३,००० तास उभं चालणं म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने जवळपास १,९०,००० मैल. गाडी वाईट आहे असा याचा अर्थ नाही, भाव त्या मैलांचा द्यायचा एवढंच. दिवे आणि रेडिओसाठी पाडलेली भोकं आणि कापलेल्या वायरीही बघून घ्या.

भविष्य ठरवणारे छोटे भाग

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. चासी शाबूत असेल तर या गाड्या इंजिन किंवा गिअरबॉक्समुळे क्वचितच भंगारात जातात. ते भाग लाखोंच्या संख्येने बनले, दुरुस्त होतात, दुसऱ्या गाडीतून काढून बसवता येतात. गाडी उभी राहते ती हातात मावणाऱ्या एखाद्या भागामुळे, जो आता कुणी बनवत नाही.

२००३ नंतरच्या क्राउन व्हिक्टोरिया आणि ग्रँड मार्क्विसमध्ये दिव्यांचं नियंत्रण एका मॉड्यूलकडे आहे. त्याच्या आतल्या रिलेचे सोल्डर केलेले सांधे कालांतराने तडकतात आणि चालत्या गाडीचे पुढचे दिवे विझतात. अंधाऱ्या रस्त्यावर हे किती भयंकर आहे ते सांगायला नको. गाडी बघताना दिवे लावून निदान अर्धा तास चालवा. गरम झाल्यावरच हे दुखणं वर येतं. हे मॉड्यूल उघडून नव्याने सोल्डर करणारे कारागीर अमेरिकेत आहेत. गाडी घेतल्यावर ते काम आपण होऊन करून घ्या.

टाउन कारमध्ये आणि काही ग्रँड मार्क्विसमध्ये मागे हवेच्या स्प्रिंग असतात. त्यांचं रबर वयाने चिरतं, हवा निसटते, मग काँप्रेसर सतत चालून जळतो. रात्री सपाट जागी उभी केलेली गाडी सकाळी मागून बसलेली दिसली तर कारण बहुधा तेच. साध्या पोलादी स्प्रिंग बसवण्याचे संच मिळतात आणि स्वस्त पडतात. पण टाउन कारची ती तरंगती चाल हवेच्या स्प्रिंगमध्येच आहे. गाडी नीट असेल तर मी नव्या हवेच्या स्प्रिंगचा खर्च करा असंच सांगेन. आणि एक लक्षात ठेवा. जॅक लावण्याआधी किंवा लिफ्टवर घेण्याआधी डिकीतला एअर सस्पेन्शनचा स्विच बंद करायचा असतो. अनेक तरुण मेकॅनिकांना हे माहीत नसतं, तुम्हीच सांगा.

यापुढचे भाग असे, जे कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत: मागच्या दिव्यांच्या काचा, बंपरवरच्या पट्ट्या, दाराच्या आतली हँडलं, सीटच्या बटणांच्या चौकटी, बोधचिन्हं. ते अखंड आणि मूळचे असतील तर गाडीची किंमत वाढते. मागच्या दिव्याची एक तुटलेली काच मला इंजिनाच्या किरकोळ गळतीपेक्षा मोठी वाटते. गळती थांबवता येते, पण रोडमास्टरच्या मागच्या दिव्याची काच भंगारवाड्यांत महिनोन्‌महिने शोधावी लागते. टॅक्सी आणि पोलीस ताफ्यांतून पँथर गेल्यापासून तिथल्या रांगाही झपाट्याने ओसरल्या आहेत.

भाव कसा काढायचा

केली ब्लू बुकसारख्या भावसूचीत आकडा मिळतो, पण तिला गाडीचा तळ दिसत नाही. दोन सारख्याच ग्रँड मार्क्विस, एक मिठाच्या रस्त्यांवरच्या क्लीव्हलंडची आणि एक कोरड्या टूसॉनची, तिला जवळजवळ सारख्या दिसतात. मला त्या सारख्या दिसत नाहीत. म्हणून मी मागितलेले भाव सोडून झालेल्या विक्रीचे भाव बघते. ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या संकेतस्थळावर संपलेले लिलाव उघडे असतात, फोटोंसकट. त्यातले तळाचे फोटो बघा आणि ज्या गाडीचा तळ तुमच्या समोरच्या गाडीसारखा आहे तिचा भाव धरा.

मग वजाबाकी करा. समजा (आकडे फक्त हिशेब कळण्यासाठी घेतले आहेत) कोरड्या, नीट राखलेल्या अशा गाडीचा भाव ७,००० डॉलर आहे. समोरच्या गाडीला टायर हवेत, ७००. हवेच्या स्प्रिंग आणि काँप्रेसर, ९००. ब्रेकच्या नळ्या, ८००. दिव्यांचं मॉड्यूल, २५०. बाकी उरले ४,३५०. त्यातून मी अजून थोडं कापते, कारण जिथे चार कामं राहिली आहेत तिथे पाचवं न दिसलेलं असतं. हा कागद विकणाऱ्यासमोर मांडला की घासाघीस करावी लागत नाही. आणि हे बोलताना सौजन्य ठेवा. या गाड्या बहुतेक वेळा वारलेल्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या असतात. गाडीला नावं ठेवू नका, कामांची यादी वाचा. अशा घरात ऑइल बदलल्याच्या पावत्यांची जाड फाइल निघाली तर मी थोडे जास्त पैसे आनंदाने देते.

पेट्रोलची भीतीही आकड्यांत बघा. शेवटच्या क्राउन व्हिक्टोरियाचा सरकारी आकडा शहरात १६ आणि हायवेवर २४ मैल प्रति गॅलन होता, मिळून १९. वर्षाला १०,००० मैल चालवलीत तर सुमारे ५२६ गॅलन. ३२ मैल देणारी आजची मध्यम सेडान ३१२ गॅलन घेईल. गॅलनला ३.५० डॉलर धरले तर फरक ७५० डॉलरच्या आसपास. नवी गाडी पहिल्या वर्षात किंमतीत जे गमावते त्याच्यापुढे हा आकडा लहान आहे. पण तुम्ही वर्षाला २५,००० मैल चालवत असाल तर माझं मत बदलतं. मग रोजची गाडी दुसरी घ्या.

गॅरेजही मोजा. १९९८ नंतरची साधी टाउन कार २१५ इंच लांब आहे आणि १९९३ ते १९९६ ची फ्लीटवूड २२५. वीस फूट खोल गॅरेजमध्ये फ्लीटवूड शिरली तर पुढे-मागे मिळून पंधरा इंच उरतात.

कुठली गाडी वाढेल, कुठली नाही

गुंतवणूक म्हणून घ्यायची असेल तर यादी फार छोटी आहे. १९९४ ते १९९६ ची शेवरोले इम्पाला एसएस, म्हणजे कॅप्रिसचीच जोरदार आवृत्ती, पहिली. एकूण जवळपास ७०,००० बनल्या. पहिल्या वर्षी फक्त काळा रंग होता. १९९६ मध्ये जमिनीवरचा गिअर दांडा आणि आरपीएमचा काटा आला, म्हणून ते वर्ष लोक जास्त शोधतात. कॅप्रिसला एसएसचं रूप दिलेल्या नकला बाजारात आहेत. डिकीच्या झाकणाखालच्या पट्टीवरचे कोड वाचून, ओळखणाऱ्याकडून खात्री करून घ्या. दुसरी मर्क्युरी मरॉडर, २००३ आणि २००४ ची. फक्त ११,०५२ बनल्या, ३०२ अश्वशक्ती. खालचे बहुतेक भाग क्राउन व्हिक्टोरियाचे, म्हणून चालवायला सोपी. बंपर, चाकं आणि मीटर तिचेच, म्हणून ठोकलेली मरॉडर घेऊ नका. तिसरी, सेडान नसली तरी त्याच चासीवरची, एलटी१ वाली रोडमास्टर स्टेशन वॅगन. लाकडासारख्या पट्ट्यांची ती लांब गाडी तरुणांनाही भुरळ घालते, हे मी दर उन्हाळ्यात इथल्या गाड्यांच्या मेळाव्यांत बघते.

साधी ग्रँड मार्क्विस आणि टाउन कार यांचा भाव मोठा चढेल असं मला वाटत नाही. ज्या पिढीने त्या नव्या घेतल्या ती आता गाड्या सोडते आहे, घेत नाही. पण त्यांचा तळाचा भाव आता घसरत नाही, कारण मागच्या चाकांवर चालणारी, सोपी, व्ही-८ सेडान नवी मिळेनाशी झाली आहे. चांगल्या, कोरड्या आणि कमी चाललेल्या गाड्या वेगळ्या पडतील, बाकीच्या चालून संपतील. म्हणून साधी गाडी घ्यायची तर चालवण्यासाठी घ्या आणि शक्य तितकी उत्तम घ्या. फोर्डमध्ये २००३ आणि नंतरची बघा. त्या वर्षी चासीचा पुढचा भाग नव्याने बनवला आणि स्टिअरिंग रॅक-पिनियनचं झालं. आधीच्या गाडीच्या स्टिअरिंगमधला सैलपणा त्यात जाणवत नाही.

शेजारच्या गाड्यांबद्दल लोक विचारतात, म्हणून सांगते. ब्यूइक लेसाब्र आणि पार्क अव्हेन्यू पुढच्या चाकांवर चालतात. वर सांगितलेल्या घराण्यांतल्या त्या नव्हेत, पण ३८०० नावाच्या व्ही-६ इंजिनामुळे आईवडिलांसाठी घ्यायला फार चांगल्या. त्या इंजिनाच्या जुन्या मालिकेत इनटेकचं प्लॅस्टिक तपासा. नॉर्थस्टार व्ही-८ ची कॅडिलॅक डी व्हिल मी टाळते. तिच्या सिलिंडर हेडचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे घेऊन बाहेर येतात आणि ती दुरुस्ती गाडीच्या किंमतीएवढी होते. वापरलेल्या क्रायसलर ३०० आणि डॉज चार्जर आजही सहज मिळतात, ३.६ लिटरची व्ही-६ आणि आठ गिअरवाली समंजस निवड आहे. चार्जरच्या चोऱ्या फार होतात, म्हणून सौद्याआधी विम्याचा आकडा मागून घ्या.

घेतल्यावर

सुरक्षिततेबद्दल मी कुणाला गोड बोलून फसवणार नाही. पँथर जड आहे, समोरच्या धडकेत तिची कामगिरी चांगली गणली गेली, पण स्थिरता नियंत्रण नाही. ओल्या वळणावर किंवा बर्फात मागचं टोक सुटलं तर सावरणारा फक्त चालक. बर्फाच्या राज्यात चारही चाकांना हिवाळी टायर लावल्याशिवाय ही गाडी रस्त्यावर आणू नका. नुकतंच शिकलेल्या मुलाच्या हातात हिवाळ्यात देऊ नका.

हिवाळा संपला की पहिल्या उबदार दिवशी चासीच्या भोकांतून पाण्याची नळी आत सोडा आणि स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुवा. पूर्ण वाळू द्या, मग आत पसरणारं मेणासारखं गंजरोधक तेल फवारा. वर काळा थर फासू नका, तो ओलावा आत कोंडतो.

गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर भाग आताच जमवा. दिव्यांचं एक जादा मॉड्यूल, मागच्या दिव्यांची जोडी, खिडक्यांच्या मोटारी, दाराची हँडलं, आणि बंपरच्या पट्ट्या मिळाल्या तर त्याही. भंगारवाड्यात त्याच वर्षाची गाडी आल्याचं कळलं तर त्याच आठवड्यात जा. संग्राहकांच्या यादीतली गाडी असेल तर आधी ठरवलेल्या किंमतीचा विमा घ्या. साध्या विम्यात कंपनी भावसूचीतला आकडा देते आणि तेवढ्यात तशी दुसरी गाडी येत नाही. त्या विम्यासाठी तळाचे फोटो, पावत्या आणि डिकीतल्या पट्टीवरच्या कोडचा फोटो एकत्र लागतो. गाडी घेतली त्याच दिवशी, ती लिफ्टवर असतानाच, हे सगळे फोटो काढून ठेवा.